रात्र आमच्या शाळेत सकाळी येते

रेडिओवरच्या ताईंनी मला दुर्बिणीवर बोलायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, सकाळच्या साडेदहाला, बायांचा हात कणकेत असताना, दुर्बीण कोण ऐकणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही बोला तर खरं. कान मोकळेच असतात." तर कणीक मळता मळता ऐका. मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी काही बिघडत नाही.

आधी एक विचारते. अख्खी रात्र आभाळाखाली काढून आपण शेवटचं कधी वर बघितलं? नुसतं वर बघण्यासाठी, हां. रात्री लाईट येते म्हणून मोटार चालू करायला रानात जाणाऱ्या बाया आपल्यात आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणी तर सहा-सहा महिने आभाळाखालीच असतात. पण पहाटे तीनला उठून कोयता हातात घेणाऱ्या बाईला वर कुठले तारे आहेत हे बघायची फुरसत कोण देणार? आणि बाकीच्या आपण, दिवेलागणीनंतर उंबऱ्याच्या आत.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. १९९८ सालचा नोव्हेंबर महिना. सिंह राशीतल्या उल्का त्या वर्षी भरपूर पडणार अशी पेपरात बातमी होती. आमच्या वर्गातली मुलं एका किल्ल्यावर मुक्कामाला जाणार होती, सर बरोबर होते. मी घरी फोन केला. वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णा एवढंच म्हणाले, "रात्रभर डोंगरावर? मुलीच्या जातीनं?" आणि फोन ठेवला. म्हटलं, हॉस्टेलच्या गच्चीवरून तरी बघू. तर गच्चीला रेक्टरबाईंनी आठ वाजताच कुलूप घातलेलं. दुसऱ्या दिवशी मुलं येऊन सांगत होती, हिरवा जाळ दिसला, धुराची रेघ कितीतरी वेळ राहिली. मी ऐकून घेतलं आणि प्रॅक्टिकलची वही पुरी केली. आण्णांचा राग नाही येत आता. पण ती रात्र काही मिळाली नाही.

पुढं शिक्षिका झाले, वाचत गेले, तेव्हा कळलं की हे एकट्या माझ्या आण्णांचं नव्हतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात माउंट विल्सन म्हणून वेधशाळा आहे, एके काळी जगातली सगळ्यात मोठी. तिथं खगोलशास्त्रज्ञांच्या मुक्कामाची जी जागा, तिचं नावच मुळी 'मठ'. मठात बाया कशा चालतील? मार्गारेट बर्बिज या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ. १९४५च्या सुमारास त्यांनी तिथल्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं की ही फक्त पुरुषांसाठी आहे. दहा वर्षांनी त्यांच्या नवऱ्याला तीच शिष्यवृत्ती मिळाली. नवरा होता सिद्धांत मांडणारा, दुर्बिणीवर काम करणारी होती बायको. तर बाई तिथं गेल्या त्या नवऱ्याच्या 'मदतनीस' म्हणून! कागदावर नाव त्याचं, रात्री थंडीत दुर्बिणीशी उभ्या राहणार या. आपल्याकडे सातबारा एकाच्या नावावर आणि रान दुसरीच कसते, त्यातला प्रकार.

दुसऱ्या व्हेरा रुबिन. पालोमारची दुर्बीण त्या काळातली जगातली सर्वांत मोठी, पाच मीटर व्यासाचा आरसा. तिथल्या अर्जाच्या छापील कागदावरच लिहिलेलं होतं की सोयी मर्यादित असल्यामुळे स्त्रियांचे अर्ज घेता येत नाहीत. 'सोय' म्हणजे काय, तर संडास. एवढ्या मोठ्या दुर्बिणीच्या इमारतीत बाईसाठी संडास नव्हता. १९६५ साली रुबिनबाईंना तिथं रीतसर परवानगी मिळाली, आणि त्या अशा पहिल्याच. असं सांगतात, की त्यांनी कागदाचा एक छोटा घागरा कापला, संडासाच्या दारावर पुरुषाचं जे चित्र होतं त्याला चिकटवला आणि म्हणाल्या, झाला बायांचा संडास. आपल्या गावात मुली शाळा कशासाठी सोडतात ते मी रोज बघते, त्यामुळं ही गोष्ट मला विनोदी वाटतच नाही.

तर मैत्रिणींनो, दुर्बिणीतून बघायचं म्हणजे माणूस तिथं हजर लागायचा. रात्रभर, थंडीत, डोंगरावर. ज्याला रात्रीचं बाहेर राहता येतं त्यालाच आभाळ. हे बदललं कसं, ते आज मला सांगायचं आहे. आणि ते सांगायला मी तुम्हाला लडाखला नेणार आहे.

लडाखमध्ये हानले नावाचं गाव आहे, चीनच्या सीमेजवळ. त्याच्या वरच्या डोंगराला आता सरस्वती पर्वत म्हणतात. उंची सुमारे ४५०० मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेतीन पट. हवा इतकी विरळ की चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश. पण हवा कोरडी, ढग कमी आणि अंधार असा की विचारू नका. दुर्बिणीला आणखी काय हवं? माणसाला मात्र तिथं रात्रभर जागणं म्हणजे शिक्षाच.

तिथं २००० साली 'हिमालयन चंद्रा' दुर्बीण बसवली. शास्त्रज्ञ सुब्रमण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, दोन मीटर व्यासाच्या आरशाची. आणि युक्ती अशी केली, की ती चालवायची जागा ठेवली कर्नाटकात, बंगळूरूजवळ होसकोटे इथं. मधलं अंतर दोन हजार किलोमीटरांहून जास्त. मधला दुवा उपग्रहाचा. शास्त्रज्ञ होसकोट्याला खुर्चीवर बसून हुकूम सोडतो आणि हानलेला डोंगरावर दुर्बीण मान वळवते. ही दुर्बीण उभी करण्याच्या कामात प्रमुख शास्त्रज्ञ होत्या जी. सी. अनुपमा. पुढं २०१९ साली भारतीय खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. हे नाव मी आमच्या शाळेच्या फलकावर लिहून ठेवलंय.

आता दुरून चालवतात म्हणजे नेमकं काय करतात? मला आधी वाटायचं, टीव्हीच्या रिमोटसारखं असेल. तसं नाही. पहिलं काम आभाळाकडे बघायचं नाही, हवेकडे बघायचं. वारा किती, दमटपणा किती, बर्फाचा भुरका उडतोय का. डोंगरावर एक कॅमेरा अख्खं आभाळ दाखवत असतो, त्यात ढग दिसला की थांबायचं. कारण घुमट उघडला आणि आरशावर दहिवर पडलं तर पंचाईत, हात फिरवून पुसायला तुम्ही तिथं नसता. हवा बरी असली की घुमट उघडायचा. मग तारा धरायचा. पृथ्वी फिरत असते, म्हणून तारा सरकत राहतो, त्याच्या मागं दुर्बीण हळूहळू फिरवत राहायची. जवळचा एखादा ठळक तारा खुणेला ठेवायचा, तो हलला की दुर्बिणीला कळतं आपण चुकतोय. मग कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून उजेड साठवत राहायचं. दोन मिनिटं, दहा मिनिटं. डोळ्याला उजेड साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो, सगळी गंमत तिथं आहे.

आणि एक काम असं, की जे आपल्या आया-आज्यांना लगेच कळेल. तूप किंवा तेल आणायला आपण घरचं भांडं घेऊन जायचो, तेव्हा दुकानदार आधी काय करायचा? रिकामं भांडं पारड्यात ठेवून धडा करून घ्यायचा. नाहीतर भांड्याचं वजन तेलाच्या भावानं पडणार! कॅमेऱ्याचंही तसंच. अजिबात उजेड नसताना कॅमेरा स्वतःच थोडंफार काहीतरी दाखवतो. म्हणून झडप बंद ठेवून फोटो काढायचे. ते वजा केले की जे उरतं, ते ताऱ्याचं. आमच्या मुलींना मी हे 'धडा' म्हणूनच शिकवलंय. इंग्रजी शब्द नंतर.

आता याच्याही पुढची पायरी आहे. दुरून चालवायलाही माणूस जागा लागतोच. मग यंत्रालाच शिकवलं तर? हानलेलाच २०१८ सालापासून एक सत्तर सेंटीमीटरची दुर्बीण आहे, 'ग्रोथ-इंडिया' नावाची. आपल्या मुंबईच्या आयआयटीनं आणि बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं मिळून उभारलेली. तिला आधी सांगून ठेवायचं, आज रात्री हे-हे बघ. ती आपलं आपण ठरवते, आपलं आपण बघते, आणि मध्येच कुठून निरोप आला की आभाळात काहीतरी भडकलंय, तर हातातलं सोडून तिकडं वळते.

हे निरोप म्हणजे खो-खोचा खेळ समजा. अमेरिकेतली दुर्बीण रात्री बघते, तिथं उजाडलं की तिला थांबावंच लागतं. पण आभाळातली घटना थांबत नाही. मग ती खो देते, आणि जिथं अंधार पडतोय तिथली दुर्बीण उठते. तिकडं जपान-ऑस्ट्रेलिया आणि इकडं युरोप-आफ्रिका यांच्या मधल्या पट्ट्यात अंधार असतो तेव्हा बघणारं कोणीतरी लागतं. भारताची जागा बरोबर त्या मधल्या चौकात आहे.

एक खराच खो सांगते. ११ फेब्रुवारी २०२२ ला पालोमारच्या डोंगरावरच्या एका यंत्रमानवी दुर्बिणीला आभाळात एक नवा ठिपका दिसला. पालोमार म्हणजे तेच हो, संडास नसलेलं. दुसऱ्या दिवसापासून हानलेच्या ग्रोथ-इंडियानं तो ठिपका रोज बघायला सुरुवात केली, आणि लक्षात आलं की तो भलत्याच वेगानं मंदावतोय. मग आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनंही त्याच्याकडे कान लावला. खोडदला तुमच्यापैकी काही जणी गेल्या असतील; नारायणगावजवळ, पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या, फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिनाला सगळ्यांना बघायला उघडं असतं. जगभरच्या दुर्बिणींनी मिळून जे काढलं ते असं: एक तारा एका प्रचंड कृष्णविवराच्या फार जवळ गेला, त्याच्या चिंध्या झाल्या, आणि त्यातला काही भाग जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पिचकारीसारखा बाहेर फेकला गेला. ती पिचकारी नेमकी आपल्या दिशेनं होती, म्हणून दिसली. अंतर साडेआठ अब्ज प्रकाशवर्षे. म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वी झालेलीच नव्हती.

हे झालं मोठ्या संस्थांचं. आता माझ्या शाळेचं सांगते.

आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली आहे. नऊ मशिनी, त्यातल्या सहा चालतात. नेट कधी असतं, कधी नसतं. तीन वर्षांपूर्वी मला कळलं, की अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या काही छोट्या दुर्बिणी आहेत, सहा इंची आरशाच्या, नाश्त्याच्या बशीएवढ्या. त्या १९९०च्या दशकापासून शाळांसाठी आणि कुणासाठीही फुकट चालवतात. 'मायक्रोऑब्झर्व्हेटरी' म्हणतात त्यांना. आपण कॉम्प्युटरवर सांगायचं, मला चंद्र हवा किंवा अमुक तेजोमेघ हवा, इतक्या सेकंदांचा फोटो हवा. रात्री यंत्र आपल्या पाळीनं फोटो काढतं आणि ईमेलनं पाठवून देतं.

त्यातल्या काही ॲरिझोनात आहेत. आणि मैत्रिणींनो, ॲरिझोनाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं. आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेनऊ वाजतात, तेव्हा तिथं शुक्रवारचे रात्रीचे नऊ. हे गणित फळ्यावर मांडलं आणि मीच फळ्याकडे बघत राहिले. सकाळची शाळा भरलेली असते, मुली प्रार्थनेला उभ्या असतात, घरी कुणाला काही विचारावं लागत नाही, आणि त्याच वेळी तिथं अंधार पडून दुर्बीण उघडलेली असते!

पहिल्या वर्षी आम्ही नुसते फोटो मागवले. चंद्राचा आला, तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण महिनाभरात कंटाळल्या. खरंच आहे, फोटो तर मोबाईलवर यापेक्षा चांगले दिसतात. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, हे सगळं आधीच कुणीतरी बघितलेलं आहे ना? मग आपण काय करतोय?" ती अकरावी सायन्सला होती. नाव सांगत नाही, तिनं सांगू नका म्हटलंय.

तिच्या त्या प्रश्नापायी आम्ही ग्रहांकडे वळलो. आपल्या सूर्याभोवती नाही, दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह. ते दिसत नाहीत. पण ग्रह ताऱ्याच्या समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. कंदिलासमोरून चिलट गेल्यासारखं. २००४ आणि २०१२ साली शुक्र सूर्यासमोरून गेला होता, त्याला आपण अधिक्रमण म्हणालो, तोच हा प्रकार. आम्ही घेतला तो तारा देवयानी तारकासमूहातला, नऊशेहून अधिक प्रकाशवर्षे लांब. ग्रहाचं नाव हॅट-पी-३२ बी. नावात काही नाही, पण काम मोठं: आकारानं गुरूहूनही बराच मोठा, आणि त्याचं वर्ष आपल्या दोन दिवस साडेतीन तासांचं. २०११ साली तो जाहीर झाला तोही यंत्रानं चालणाऱ्या छोट्या दुर्बिणींच्या जाळ्यातून; त्यांची भिंगं अकरा सेंटीमीटरची, आपल्या आमटीच्या वाटीएवढी.

नासाचा 'एक्झोप्लॅनेट वॉच' म्हणून उपक्रम आहे, कुणालाही भाग घेता येतो. ग्रह समोरून जातो त्या रात्रीच्या फोटोंचा अख्खा गठ्ठा तिथून मिळतो, शंभराहून जास्त फोटो. त्या प्रत्येक फोटोत आपल्या ताऱ्याचा उजेड मोजायचा आणि शेजारच्या स्थिर ताऱ्याशी ताडून बघायचा. शेजारचा कशाला? तर पातळ ढग आला तर दोघांचाही उजेड कमी होईल. एकट्याचाच कमी झाला तर समजायचं, समोरून कुणीतरी गेलं. उजेड कमी होतो शंभरात दोन. तेवढ्या दोनासाठी सगळा खटाटोप.

पहिला प्रयत्न मी केला, आणि तो साफ फसला. आलेखावर ठिपके असे विखुरले होते, जसं सुपातून धान्य सांडावं. मधूनच एकदम वर उडी. मी मुलींना सांगून टाकलं, फोटोच खराब आहेत, दुसरे मागवू. ती मुलगी काही बोलली नाही. तिनं शंभर फोटोंचे आकडे वहीत उतरवून घरी नेले. पेनानं, हां. घरी कॉम्प्युटर नाही. संध्याकाळी घराबाहेर पडायची परवानगी नाही, आज्जीची करडी नजर असते. सोमवारी येऊन म्हणाली, "बाई, फोटो चांगले आहेत. तुम्ही धरलेला शेजारी पळून जातोय."

मी बघितलं, तर खरंच. दुर्बीण रात्रभरात थोडी थोडी सरकते, आणि मी ताडायला घेतलेला तारा फोटोच्या अगदी कडेला होता. साठाव्या-सत्तराव्या फोटोनंतर तो चौकटीच्या बाहेर निघून गेला होता, आणि मी रिकाम्या काळोखाशी तुलना करत बसले होते. वीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या बाईची ही चूक! तिनं मधला एक तारा सुचवला. पुन्हा मोजणी केली. दुपारचे पावणेबारा वाजले होते. ठिपक्यांची रेघ सरळ चालत आली, मग खाली उतरली, तळाशी पसरट झाली आणि पुन्हा वर चढली. परातीचा काठ असतो ना, तशी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण हळूच म्हणाली, "गेला की." ग्रह गेला होता.

आता तुम्ही म्हणाल, याचा उपयोग काय? हाच प्रश्न त्या मुलीच्या वडलांनी मला विचारला. एका शनिवारी ते अचानक खोलीच्या दारात उभे. घरी कुणीतरी सांगितलं होतं, शाळेच्या नावाखाली पोरगी कॉम्प्युटरवर बसते, काय बघते कोण जाणे. घरात तिच्या लग्नाच्याही गोष्टी सुरू होत्या, हे मला मागाहून कळलं. मी त्यांना खुर्ची दिली. ते एसटीत कंट्रोलर आहेत, स्टँडवर गाड्यांच्या वेळा लावतात. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, समजा एका गाडीची फेरी किती वेळाची, हे तुमच्या वहीत अर्ध्या सेकंदानं चुकलंय. एका फेरीला काही कळणार नाही. हजार फेऱ्यांनी?" त्यांनी मनातच हिशेब केला. "आठ मिनिटं वर."

"या ग्रहाच्या हजार फेऱ्या सहा वर्षांतच होतात. आता वर अंतराळात मोठी दुर्बीण आहे, जेम्स वेब म्हणून, २०२१ साली सोडलेली. तिचा एकेक तास सोन्याच्या भावाचा. ग्रहाची वेळ जुन्या हिशेबानं धरली आणि ग्रह लवकर येऊन गेला, तर तो तास वाया. म्हणून असे शेकडो ग्रह कुणीतरी पुन्हा पुन्हा मोजत राहायला लागतात. मोठ्या दुर्बिणींना त्याला वेळ नसतो. ते काम अशा छोट्या दुर्बिणीवर ही मुलगी करते."

ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे गाडी वेळेवर येतीय का ते बघायचं."

"तेच."

"ते आमाला कळतंय," म्हणाले. आणि उठताना, "साडेबाराच्या गाडीला बसवा तेवढं तिला. पुढची गाडी तीनला आहे."

आमच्या मोजणीत दोन-तीन मिनिटांची इकडंतिकडं शक्यता आहे. मोठ्या दुर्बिणीपुढं ते काहीच नाही. पण अशा कितीतरी जणांच्या मोजण्या एकत्र केल्या की चूक घटत जाते. म्हणून ती मोजणी बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची जी जुनी अमेरिकन संस्था आहे, १९११ साली स्थापन झालेली, तिच्या नोंदवहीत जमा करतात. प्रत्येक निरीक्षकाला एक खूण-अक्षरं मिळतात, आणि आपली मोजणी कुणी शोधनिबंधात वापरली तर आपलं नावही त्यात घालायचं अशी रीत आहे. मार्गारेटबाई आठवा, मदतनीस म्हणून गेलेल्या. या मुलीची खूण-अक्षरं तिच्या स्वतःच्या नावावर आहेत. ती आता बारावीला आहे. लग्नाची बोलणी थांबली आहेत की पुढं ढकलली आहेत, हे मला ठाऊक नाही. मी विचारलेलंही नाही. शनिवारी ती येते.

ग्रहच हवा असंही नाही. २०२० साली सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींनी हवाई बेटांवरच्या दुर्बिणीच्या फोटोंत एक हलणारा ठिपका शोधला होता. तो लघुग्रह निघाला. तोही उपक्रम फुकट आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच शाळा-कॉलेजं त्यात असतात.

एक मात्र स्पष्ट बोलते. दुरून बघणं म्हणजे सगळं मिळालं, असं नाही. पडद्यावर ताऱ्याचा उजेड आकडा होऊन येतो. गार वारा येत नाही, मान अवघडत नाही, शेजारी कुणी "तो बघ" म्हणत नाही. आणि दूर कुणीतरी असतंच. होसकोट्याला शास्त्रज्ञ खुर्चीवर बसतात कारण हानलेला कुणीतरी कडाक्याच्या थंडीत बर्फ झाडतं, यंत्रं दुरुस्त करतं. तिथले इंजिनियर दोर्जे आंगचुक लडाखचेच. २०२२ साली हानलेभोवतीचा मुलूख अंधाराचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि आसपासच्या गावांतल्या काही तरुणांना दुर्बिणी देऊन आकाश दाखवायला शिकवलं. त्यात मुली-बायाच अधिक आहेत. पाहुणे येतात, या बाया त्यांना गावच्या अंगणात शनी दाखवतात आणि त्यातून घरात चार पैसे येतात. मला हे फार आवडलं. बंगळूरूची माणसं दुरून बघतात आणि हानलेच्या बाया दारातून.

आपल्या माण-खटावकडंही अंधार आहे की. पाऊस नाही म्हणून आपण रडतो, पण तेच कोरडं आभाळ ताऱ्यांना बरं. मागच्या जानेवारीत मी आमच्या मुलींच्या आयांना बोलावलं, संध्याकाळी सात ते नऊ, शाळेच्या गच्चीवर. मुलींना एकटं पाठवणार नाहीत, तर आयाच येऊ देत म्हटलं. अकरा जणी आल्या. मी देवयानी कुठं आहे ते दाखवलं. आमचा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण जागा तरी बघा म्हटलं. एका आईनं विचारलं, "आमची पोर तिथलं मोजते?" हो म्हटलं. त्या पदर डोक्यावर सारखा करत बघत राहिल्या. नऊला खाली उतरायचं होतं. दहा वाजले तरी कुणी उतरेना. गच्चीची किल्ली माझ्याकडेच असते.

व्हेरा रुबिन २०१६ साली गेल्या. चिलीच्या डोंगरावर त्यांच्या नावाची नवी वेधशाळा झाली आहे, ८.४ मीटरचा आरसा, जून २०२५ मध्ये तिचे पहिले फोटो जगाला दाखवले. काही रात्रींतच ती अख्खं दक्षिणेकडचं आभाळ टिपत जाणार, आणि काही बदललं की लगेच जगभर निरोप सोडणार. एवढे निरोप तपासायला डोळे लागतील. आमच्या सहा मशिनी चालू आहेत. सातवी दुरुस्तीला टाकली आहे.

तर शनिवारी सकाळी शाळा साडेअकराला सुटते, त्यानंतर साडेबारापर्यंत कॉम्प्युटरची खोली उघडी असते. आमच्याच शाळेची मुलगी पाहिजे असं काही नाही, आणि मुलगीच पाहिजे असंही नाही. तुम्ही स्वतः या. इंग्रजी येत नसलं तरी चालतं, आकडे ओळखता आले की झालं. येताना एक वही आणा, चौकटीची असली तर उत्तम. आणि चपला बाहेर काढा बरं का, धुळीनं मशिनी बंद पडतात.